क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रवेशासाठी बेळगावातील एक मार्गदर्शन केंद्र : आमचा अनुभव

माझ्या पुतणीने धारवाडहून मानसशास्त्रात एम.ए. केले आणि पुढे क्लिनिकल सायकॉलॉजीचे, म्हणजे मानसिक आजारांची तपासणी आणि मानसशास्त्रीय उपचार करण्याचे, प्रशिक्षण घ्यायचे ठरवले, तेव्हा आम्ही बेळगावातील टिळकवाडीतल्या एका खासगी प्रवेश मार्गदर्शन केंद्रात चार हजार रुपये भरून तिचे नाव नोंदवले. केंद्राचे नाव येथे देत नाही, कारण हा अनुभव आमच्या एका घरापुरता आहे. मात्र खानापूर, निपाणीकडून मुलांना घेऊन अशा केंद्रांत येणारे पालक बरेच असतात आणि त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी चांगले ते सांगतो. पहिली बैठक तासभर चालली, ती पूर्ण मराठीत झाली आणि तिच्यात मुलीचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले गेले. एम.ए. झाले की दवाखान्यात बसून रुग्ण पाहता येतात, हा आपल्याकडचा सर्रास समज तेथील बाईंनी पहिल्याच दिवशी दूर केला. १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, नोंदवहीत नाव असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही आणि तसे केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे त्यांनी कायद्याचे कलम दाखवून समजावले. या नोंदणीसाठीच्या दोन वर्षांच्या एम.फिल.साठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के, तर राखीव प्रवर्गाला ५० टक्के गुणांची अट असे आणि त्यावर प्रवेश परीक्षा द्यावी लागे, हेही त्यांनी नीट सांगितले. कागदपत्रांची त्यांनी करून दिलेली यादी आजही आमच्या उपयोगाची आहे.

अडचण आली ती पैशाच्या प्रश्नावर. जागा कोठे कोठे आहेत याची माहिती केंद्राकडे भरपूर होती, पण त्या जागेचा खर्च कोण उचलतो हे विचारले की उत्तर गुळमुळीत येई. पहिल्या तीन शिफारशी परराज्यांतील खासगी विद्यापीठांच्या होत्या. तेथे सगळे शुल्क विद्यार्थ्याने भरायचे आणि दोन वर्षे वॉर्डात पूर्णवेळ काम करायचे, तेही विद्यावेतनाशिवाय. बेंगळुरूच्या निम्हान्स या केंद्रीय मानसिक आरोग्य संस्थेत एम.फिल.च्या प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन मिळत आले आहे, ही साधी गोष्ट आम्हीच विचारल्यावर कळली. बेळगावहून सुमारे ७५ किलोमीटरवर असलेल्या धारवाडच्या डिम्हान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेचे नाव तर यादीत सर्वांत शेवटी होते. ज्या मुलीने धारवाडलाच शिकून एम.ए. केले, तिच्यासमोर हे नाव शेवटी यावे याचे मला मनापासून वाईट वाटले.

माहितीपत्रकात एका संस्थेपुढे ‘सरकारी अनुदानित’ असे ठळक छापले होते आणि त्याचा अर्थ आम्ही शुल्कात सवलत असा घेतला. तो चुकीचा होता. अकराव्या पंचवार्षिक योजनेत राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली केंद्राने क्लिनिकल सायकॉलॉजी, मनोविकृतिशास्त्र, मानसोपचार सामाजिक कार्य आणि शुश्रूषा या शाखांच्या पदव्युत्तर विभागांना अनुदान दिले, पण ते अध्यापकांच्या जागा, उपकरणे आणि विभागाची उभारणी यांसाठी होते. एका पर्यवेक्षकामागे किती विद्यार्थी घ्यायचे यावर परिषदेची मर्यादा असल्याने अध्यापक वाढल्याशिवाय जागाही वाढत नाहीत, म्हणून असे अनुदान आवश्यकच असते. तरीही विभागाला मिळालेले अनुदान आणि विद्यार्थ्याच्या हातात पडणारे विद्यावेतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याने तो फरक पालकांना सांगायलाच हवा.

त्याच पत्रकात ‘इंग्लंडमध्ये पगार घेत डॉक्टरेट’ असाही मथळा होता. तेथील व्यवस्था खरोखरच तशी आहे. प्रशिक्षण तीन वर्षांच्या डॉक्टरेटचे असते, अनुदानित जागेचे शुल्क राष्ट्रीय आरोग्य सेवा भरते, प्रशिक्षणार्थी त्या सेवेचा कर्मचारी म्हणून ‘बँड ६’ श्रेणीचे वेतन घेतो आणि बहुतेक अर्ज लीड्स येथील क्लिअरिंग हाऊसमार्फत जातात. पण अशा जागेसाठी साधारणपणे ‘होम’ शुल्काचा दर्जा लागतो, म्हणजे त्या देशात स्थायिक असण्याचा हक्क आणि तेथील काही वर्षांचे वास्तव्य लागते. शिवाय मूळ पदवीला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता आणि क्षेत्रातील कामाचा अनुभव हवा. खानापूर तालुक्यातून थेट अर्ज करणाऱ्या मुलीला ही वाट मोकळी नाही. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी मोजकी विद्यापीठे आहेत, पण तेथे सर्व खर्च स्वतःचा असतो. यातले एक अक्षरही पत्रकात नव्हते.

सीमाभागातील पालकांची आणखी एका ठिकाणी गफलत होते आणि केंद्रानेही ती दूर केली नाही. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातून दहावी-बारावी झालेल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे, म्हणून तशी सवलत सगळीकडे असेल असे आपण धरून चालतो. निम्हान्ससारख्या केंद्रीय संस्थेत तिचा काही उपयोग नाही. तसेच मराठा समाजाचा कर्नाटकातील ३-बी हा मागास प्रवर्ग राज्याचा आहे. केंद्रीय संस्था फक्त केंद्राची ओबीसी यादी आणि त्यानुसारचे प्रमाणपत्र मानतात. आपली जात त्या यादीत नसेल, तर वार्षिक आठ लाखांच्या आतील उत्पन्नावर आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र काढता येते का, हे आधी पाहावे. हा दाखला तहसीलदार कार्यालयातून मिळवायला वेळ लागतो आणि अर्जाची मुदत त्यासाठी थांबत नाही.

सर्वांत गंभीर चूक मुदतीची होती. नवीन शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. बंद झाली आणि क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये दिलेली मुदतवाढ २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंतचीच होती. परिषदेने एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी, चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स आणि साय.डी. (मानसशास्त्रातील डॉक्टरेट) हे अभ्यासक्रम आणले आहेत. केंद्राचे पत्रक मात्र एम.फिल. कायमचीच असल्यासारखे बोलत होते. ही गोष्ट मुलीनेच आयोगाची सूचना वाचून त्यांच्या लक्षात आणून दिली, आणि तेथील बाईंनी ती प्रांजळपणे मान्य केली, हेही येथे नोंदवतो.

चार हजार रुपयांत कागदपत्रांची यादी आणि कायद्याची ओळख मिळाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानंतर ‘प्रवेश निश्चिती’साठी चाळीस हजारांचा हप्ता मागितला गेला. तेव्हा आम्ही प्रत्येक संस्थेपुढे चार गोष्टी लेखी मागितल्या: परिषदेची चालू मान्यता, एकूण शुल्क, विद्यावेतन आणि प्रवर्गनिहाय जागा. दोन महिने झाले, तो कागद आलेला नाही आणि आम्ही हप्ताही भरलेला नाही. मुलगी आता परिषदेच्या संकेतस्थळावरील मान्य संस्थांची यादी स्वतः पाहून अर्ज भरते आहे. तिला परत येऊन याच भागात काम करायचे आहे, कारण आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आपले दुखणे मराठीतच सांगता येते.