मंडईला रात्रीचं नाटक की दिवसाची खडी गंमत?

दिवाळी आली की भंडारा, गोंदियाकडच्या गावांत मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, भरवणाऱ्या मंडळापुढे हाच पेच असतो: तिकिटाचं नाटक की खडी गंमत, म्हणजे शाहिराच्या पार्टीचं लोकनाट्य.

पैसा आधी. नाटकाची कंपनी बहुधा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाची. तारीख धरायची तर इसार आधीच द्यावा लागतो. वर मंच, मंडप, कनात, खुर्च्या, लाइट, जनरेटर. हा खर्च तिकिटातून काढायचा असतो. त्याच रात्री शेजारच्या गावातही नाटक असलं, की प्रेक्षक वाटले जातात आणि मंडळ खड्ड्यात जातं. म्हणून तारीख धरण्याआधी आजूबाजूच्या मंडया विचारून घ्या. खडी गंमतीला शाहिराची बिदागी, पार्टीचं जेवण आणि पारावर सावली एवढं पुरतं. ढोलकी, डफ, तुणतुणं त्यांचंच. तिकीट मात्र लागत नाही, सगळं वर्गणीवर.

जागेचं म्हणाल तर नाटकाला धान कापून मोकळी झालेली बांधी हवी. ओल राहिली तर खुर्च्यांचे पाय रुततात. अवकाळी आला तर दोन्ही बुडतात, पण नाटकात नुकसान कितीतरी मोठं.

परवानगीकडे मंडळं हमखास दुर्लक्ष करतात. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर भोंगा लावायला बंदी आहे. सरकारने सवलत दिलेल्या दिवशीही रात्री 12 पर्यंतच. नाटक तर पहाटेपर्यंत चालतं! ठाण्यात आधीच बोला. दिवसाच्या गंमतीला ही अडचण नाही.

पाहुणे मुक्कामी येतात, मंडळाकडे शिल्लक आहे, खपणारी दहा-पंधरा पोरं आहेत, तर नाटक. लहान गाव, वर्गणी जेमतेम, म्हातारी माणसं जास्त, तर गंमतच बरी.