फक्त रिलीज बेअरिंग बदलायचं की पूर्ण क्लच सेट?

आधी आवाज नीट ऐका. पेडल दाबल्यावर घर्रघर्र आणि सोडल्यावर शांतता, तर रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) संशय घ्या. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनची ताकद आत नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग असतं. मग नवा क्लच टाकूनही तो आवाज जाणार नाही.

एकटं बेअरिंग सेटपेक्षा खूपच स्वस्त पडतं, पण मजुरी जवळपास तेवढीच, कारण दोन्ही कामांना गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. रोज हिंजवडीच्या गर्दीत हाफ क्लचवर सरकणारी गाडी असेल आणि क्लच प्लेट मूळचीच असेल, तर बेअरिंगपुरतं काम करून काही महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा भरायची वेळ येऊ शकते. अशा गाडीला प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदमच टाका.

एकटं बेअरिंग चालतं ते सेट नुकताच बदलला असेल तेव्हा. गिअरबॉक्स खाली आला की मेकॅनिककडून फोटो मागवा. रिव्हेट लायनिंगच्या (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराच्या) पातळीपासून साधारण 0.5 मिमीवर आले असतील तर प्लेट संपली. प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगच्या बोटांना (बेअरिंग जिथे टेकतं त्या पट्ट्यांना) टोकाशी खाच पडली असेल, तर नवं बेअरिंग त्याच खाचेवर फिरणार. मग पैसे वाचवल्याचं समाधान फार दिवस टिकत नाही.

हायड्रॉलिक क्लचमध्ये स्लेव्ह सिलिंडर (फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा) कुठे बसलाय, यावर खर्च ठरतो. बाहेर असेल तर तो गिअरबॉक्स न उतरवता निघतो. पेडल मऊ लागतंय, फ्लुइड कमी होतंय, एवढ्यावरून कोणी गिअरबॉक्स उतरवायला निघालं तर आधी मास्टर (पेडलकडचा सिलिंडर) आणि स्लेव्ह तपासायला सांगा. कॉन्सेन्ट्रिक प्रकारात सिलिंडर आणि बेअरिंग एकाच भागात, गिअरबॉक्सच्या आतल्या बाजूला असतं. ते गळलं की फ्लुइड प्लेटवर जातं आणि क्लच घसरायला लागतो. भिजलेली प्लेट पुसून परत बसवू देऊ नका. पूर्ण सेट घालताना जुना सिलिंडर तसाच ठेवणं तर त्याहून वाईट: तो पुढे गळला की नवी प्लेटही गेली.

नवं कामसुद्धा बिघडतं ते बहुधा फिटिंगमध्ये. बेअरिंग पेट्रोल-डिझेलने धुतलं तर आतलं ग्रीस जातं. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (प्लेट जिथे बसते त्या दात्यांवर) ग्रीसचा पातळ हातच पुरे, जास्तीचं उडून लायनिंगवर बसतं. कॉन्सेन्ट्रिक सिलिंडर असेल तर गिअरबॉक्स बसण्याआधी पेडल दाबायचं नाही, पिस्टन बाहेर येतो. केबलच्या गाडीत फोर्कचा (बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याचा) बुश आणि केबलही बघून घ्या, क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील तर कुठल्याही गाडीत.

पुण्यात नाना पेठेत स्पेअर घ्यायला जाताना चॅसिस नंबर आणि जुना भाग दोन्ही सोबत ठेवा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचे सेट बहुधा वेगळे असतात.