रिनॉइज रिव्ह्यू: ब्रेक चिरायचे असतील तर पियानो रोल विसरा

ब्रेकबीट (जुन्या रेकॉर्डमधले नुसत्या ड्रमचे तुकडे) बारीक चिरून परत जोडायचे असतील, म्हणजे जंगल, ड्रम अँड बेस, ब्रेककोर असलं वेगवान ड्रमचं संगीत करायचं असेल तर रिनॉइजएवढं सोयीचं सॉफ्टवेअर मी तरी वापरलेलं नाही. पण एवढं वाचून लगेच लायसन्स घेऊ नका, कारण बऱ्याच जणांचं ह्याच्याशी अजिबात जमत नाही.

हा ट्रॅकर आहे. १९८७ साली अमिगा कॉम्प्युटरवर अल्टिमेट साउंडट्रॅकर आला तेव्हापासूनची ही जात, गाणं पियानो रोलसारखं (नोटांचे ठोकळे मांडायची नेहमीची पट्टी) आडवं न जाता वरून खाली सरकतं आणि प्रत्येक ओळीत नोट, व्हॉल्यूम, डिले, कमांड सगळं अक्षरं-आकड्यांत, आणि बहुतेक आकडे हेक्साडेसिमल (थोडक्यात हेक्स, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजणं). पहिल्यांदा उघडल्यावर बँकेचं स्टेटमेंट उघडलंय असं वाटतं. पण ब्रेकच्या कामात हेच आकडे उपयोगी पडतात.

आमेन ब्रेकच घ्या. सगळ्यांनी वापरून वापरून झिजवलेला, १९६९ चा, द विन्स्टन्स बँडच्या ग्रेगरी कोलमननी वाजवलेला, ४ बार (एका बारात ४ बीट), जेमतेम ७ सेकंद (आणि ह्या ७ सेकंदांवर संगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले तरी बिचाऱ्याला रॉयल्टीचा एक पैसा मिळाला नाही). हा तुकडा ४ बारवर चोख कापून तसाच टाकला की एस कमांड त्याचे २५६ सारखे भाग धरते. ४ बारात ६४ सिक्स्टीन्थ (पाव बीट), म्हणजे एका सिक्स्टीन्थला ४ भाग. ०एस१० लिहिलं (हेक्समधले १० म्हणजे आपले १६) की थेट दुसरा बीट, म्हणजे स्नेअर ड्रमचा कडक ठोका, आणि ०एस०८ लिहिलं की पहिल्या बीटच्या मधोमध. माऊस लागतच नाही, थोड्या सवयीनंतर आकडे तोंडपाठ होतात आणि बोटं आपोआप चालतात.

अडचण एकच, कोलमन माणूस होता, मेट्रोनोम नाही, त्यामुळे सारखे भाग हिटवर नेमके बसत नाहीत. काही ठिकाणी मागच्या हिटची शेपटी ऐकू येते, काही ठिकाणी स्नेअरचं तोंडच कापलं जातं. मग स्लाइस मार्कर, म्हणजे कुठे कापायचं त्या खुणा, वापरायचे. ऑटो स्लाइस आहे, पण सेन्सिटिव्हिटी कमी ठेवली की घोस्ट नोट (जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके) सुटतात आणि वाढवली की नको तिथे मार्कर पडतात, त्यामुळे शेवटी हातानेच सरकवा. आणि तिसऱ्या बारात दुसरा स्नेअर अर्धा बीट उशिरा येतो, चौथ्याचा पहिला बीट मोकळा आहे, तिथे नीट लक्ष द्या, खरा मसाला तिथेच आहे. स्लाइस केल्यावर मात्र प्रत्येक तुकडा आपापल्या कीवर बसतो, म्हणजे नोट बदलून पिच बदलायची सोय गेली. म्हणून मी दोन कॉपी ठेवतो, एक चिरलेली, एक अखंड.

रोल मारायला, म्हणजे एकच ठोका भराभर वाजवायला, आर कमांड. डिफॉल्टला एका ओळीत १२ टिक (ओळीचे सारखे भाग) असतात, ०आर०३ दिलं की एका ओळीत ४ हिट, ०आर०४ दिलं की ३, आणि मधला आकडा बदलून प्रत्येक हिटगणिक आवाज चढवता-उतरवता येतो. बी कमांडने तुकडा उलटा वाजतो. वाय म्हणजे "वाजलं तर वाजलं", ०वाय८० दिलं की साधारण निम्म्या वेळा. घोस्ट नोटवर वाय भन्नाट लागतो, पण लोक सगळीकडे ठोकतात आणि मग बीटचा नुसता गोंधळ होतो.

माझ्या मते ह्या सगळ्यापेक्षा डिले कॉलम भारी, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. प्रत्येक ओळीचे आणखी २५६ भाग. १७० बीपीएमला (मिनिटाला १७० बीट), बीटला ४ ओळी धरल्या तर एक ओळ साधारण ८८ मिलिसेकंदांची, डिलेमध्ये हेक्स २० (आपले ३२, म्हणजे ओळीचा आठवा भाग) टाकलं की स्नेअर ११ मिलिसेकंद मागे सरकतो. बस, तेवढ्यात बीट मशीनचा वाटायचा थांबतो. हे केलं नाही तर तुकडे कितीही हुशारीने लावा, ग्रिडवर खिळे ठोकल्यासारखं वाजतं.

आता तक्रारी. गायकाचा लांब टेक किंवा गिटार रेकॉर्ड करून त्यावर काम करायचं असेल तर नकोच, ऑडिओसाठी वेगळी टाइमलाइन नाही, लांब क्लिपसुद्धा सॅम्पल म्हणूनच ट्रिगर करावी लागते. पियानो रोल नाही, त्यामुळे कॉर्ड एकेक नोट करून लिहिताना जीव जातो. अक्षरं बारीक आहेत, डोळे दुखतात. मी ड्रम इथे करून वेव्ह फाइल काढतो आणि मिक्स दुसरीकडे करतो.

ज्यांना आपलं नेहमीचं सॉफ्टवेअर सोडायचं नाही त्यांच्यासाठी ह्याच लोकांचं रिडक्स आहे, रिनॉइजचा सॅम्पलर प्लगइन म्हणून, त्यात फ्रेजमध्ये, म्हणजे छोट्या पॅटर्नमध्ये, ह्यातल्या बऱ्याच कमांड चालतात. रिनॉइज विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि डेमोत गाणं सेव्ह होतं, पण वेव्ह रेंडर वगैरे काही गोष्टी बंद आहेत, तेव्हा आधी डेमोवर एक ब्रेक पूर्ण चिरून बघा आणि हेक्सचा वैताग आला तर पैसे वाचवा.