ऑटोमॅटिक ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिस: 5 पैकी 2 स्टार, तेही स्पीडचे

कॅम्पसवरच्या लैंगिक हिंसेवर रिसर्च करतेय, ज्यांच्यावर हे गुदरलंय अशा अपंग, ट्रान्स, जातीमुळे बाजूला पडलेल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती. एक तास ऐकून टाइप करायला माझे पाच-सहा तास जातात म्हणून ही सर्व्हिस घेतली, नाव लिहीत नाही.

स्पीड भारी, वादच नाही. तोंड धुऊन येईस्तोवर फाइल तयार.

पण पहिल्याच फाइलमध्ये अडकले. मुलगी म्हणाली होती, ‘मी नाही म्हटलं नाही.’ स्क्रीनवर, ‘मी नाही म्हटलं.’ क्लीन मोड आधीच चालू असतो, त्याला वाटलं शब्द दोनदा आलाय, उडवला एक. झालं, अर्थच उलटा! ती तेव्हा गोठली होती, तोंडातून शब्द फुटला नव्हता आणि म्हणूनच ती स्वतः त्याला बलात्कार म्हणत नाही, अख्खी मुलाखत त्या एका ‘नाही’वर उभी आहे. मेरी कॉस आणि शेरिल ओरॉस या संशोधकांच्या लैंगिक अनुभवांवरच्या 1982 च्या प्रश्नावलीत नुसतं ‘बलात्कार झाला का’ यावर न थांबता नेमकं काय घडलं ते विचारलंय, ते अशांसाठीच तर.

दुसरी गंमत गप्प बसण्याची. एका ठिकाणी चाळीस सेकंद कोणीच बोललं नाही, फक्त पंखा. तिथे चक्क ‘धन्यवाद, पुन्हा भेटू’. मला वाटलं माझंच रेकॉर्डिंग खराब, पण 2024 च्या एका अभ्यासात व्हिस्पर या ओपनएआयच्या, बोलणं ऐकून लिहिणाऱ्या मॉडेलबद्दल असंच सापडलंय, साधारण 1 टक्का तुकड्यांत कोणी न बोललेली वाक्यं, त्यातली 38 टक्के घातक, कुठे तर मारहाण वगैरे घुसडलेली. हे माझ्या फाइलींत झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? बोलीत बोलणाऱ्यांच्या फाइली तर दुरुस्त करण्यापेक्षा पहिल्यापासून टाइप केलेल्या परवडल्या. अमेरिकेत 2020 मध्ये पाच कंपन्यांची सिस्टिम तपासली तेव्हा गोऱ्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी 19 चुका आणि काळ्यांच्या 35, तेव्हा नवल नाही.

नावं झाकायचं फीचर आहे. नाव झाकतं, पण व्हीलचेअर, विभाग, होस्टेलचा मजला तसाच, आणि विभागात व्हीलचेअरवर एकच जण असेल तर झाकून काय उपयोग. वर ‘सेवा सुधारण्यासाठी रेकॉर्डिंग वापरू’ची टिक आधीच लावलेली, सेटिंगमध्ये पार आत. असा वापर होणार नाही असं मी संमतीपत्रात लिहून दिलंय, अपलोडच्या आधी दिसली म्हणून वाचले.

क्लीन मोड कायमचा बंद कसा करायचा विचारलं तर सपोर्टचं उत्तर तीन दिवसांनी, दर फाइलला वेगळा करा म्हणे.

आता त्यात फक्त माझ्याच फील्ड नोट्स बोलून टाकते, त्याला ठीक आहे. मुलाखती हेडफोन लावून हातानेच, आणि गप्प बसलेल्या जागी कंसात सेकंद लिहिते.