विश्वातील हायड्रोजन पुन्हा कसा आयनीभूत झाला: राजारामपुरीतील एका अभ्यासवर्गाविषयी

कोल्हापुरात खगोलशास्त्राचे कार्यक्रम बहुधा आकाशदर्शन आणि ग्रहणांपाशी थांबतात. राजारामपुरीतील एका खासगी शिकवणी वर्गाने या हिवाळ्यात प्रौढांसाठी शनिवार सायंकाळचा सशुल्क अभ्यासवर्ग घेतला आणि त्यासाठी एकच विषय निवडला: आरंभीच्या विश्वातील हायड्रोजनचे पुनरायनीकरण, म्हणजे हायड्रोजन अणूंतून इलेक्ट्रॉन पुन्हा सुटे होणे (आयनीभूत होणे). सामान्य श्रोत्यांसमोर असा विषय मांडणे कठीण असते. तरीही एका सत्राचा अपवाद वगळता हा वर्ग भरलेल्या शुल्काला पुरेपूर न्याय देणारा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान ३,००० केल्विनच्या आसपास उतरले, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र येऊन उदासीन हायड्रोजन तयार झाला आणि त्यानंतर दीर्घकाळ विश्वात एकही तारा नव्हता. पहिले तारे आणि दीर्घिका प्रकाशू लागल्यावर त्यांच्या अतिनील किरणांनी हे अणू पुन्हा फोडले. त्यासाठी १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा, म्हणजेच ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो. प्रत्येक दीर्घिकेभोवती आयनीभूत वायूचा एक बुडबुडा वाढत गेला, बुडबुडे एकमेकांत मिसळले आणि महास्फोटानंतर साधारण शंभर कोटी वर्षांच्या सुमारास ही प्रक्रिया पूर्णत्वाला आली. एवढा कथाभाग शिक्षकांनी पहिल्याच सत्रात आटोपला आणि उरलेला वेळ ‘हे आपल्याला कशावरून कळले?’ या प्रश्नाला दिला. वर्गाचे खरे सामर्थ्य मला या वाटणीत दिसले.

एका श्रोत्याने विचारलेली शंका येथे नोंदवायलाच हवी. सुरुवातीचे विश्व मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे अपारदर्शक होते, तर इलेक्ट्रॉन दुसऱ्यांदा मोकळे झाल्यावर ते पुन्हा अपारदर्शक का झाले नाही? शिक्षकांनी फळ्यावर आकडे मांडून उत्तर दिले. पहिल्या खेपेला प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये काही शे हायड्रोजन अणू होते. पुनरायनीकरण संपताना, प्रसरणामुळे, सरासरीने एका घनमीटरमध्ये साठ-सत्तरच उरले होते. इतक्या विरळ वायूत प्रकाश जवळजवळ विनाअडथळा जातो आणि एकदा सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा प्रोटॉन भेटण्याची शक्यताही अत्यल्प असते, म्हणून हा वायू आजतागायत आयनीभूतच आहे. ‘जवळजवळ’ या शब्दाचे मोजमापही त्यांनी लगेच दिले: प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांनुसार पार्श्वभूमी प्रारणातील (उदासीन हायड्रोजन तयार झाला तेव्हा मोकळ्या झालेल्या आदिम प्रकाशातील) सुमारे ५ टक्के फोटॉन या मोकळ्या इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरले, आणि त्यावरून पुनरायनीकरणाचा मध्य महास्फोटानंतर ६५ ते ७० कोटी वर्षांच्या सुमारास येतो. डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या २००३ मधील पहिल्या निष्कर्षांत हे प्रमाण सुमारे तिप्पट आले होते आणि त्यामुळे पहिले तारे फार आधी जन्मले असावेत असे मानले गेले होते. हा जुना आकडा न लपवता तो कसा बदलला हे दाखविले, याचे मला विशेष कौतुक वाटले.

दुसरा पुरावा क्वेसारच्या, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांच्या, वर्णपटाचा. १९६५ मध्ये जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन यांनी दाखविले की वाटेत उदासीन हायड्रोजन असेल तर दूरच्या क्वेसारच्या वर्णपटाचा एक पट्टा पूर्ण शोषला जाईल. असा पट्टा २००१ मध्ये ६.२८ ताम्रसृतीच्या (प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचे माप) क्वेसारमध्ये आढळला. मात्र दहा हजारांत एक अणू उदासीन असला तरी शोषण पूर्ण होते, त्यामुळे ही पद्धत प्रक्रियेच्या अखेरीविषयीच नेमके सांगते, ही मर्यादाही वर्गात स्पष्ट केली गेली.

हे अतिनील किरण दीर्घिकेतील वायूत न अडकता बाहेर कसे पडले, यावर अजून संशोधन सुरू आहे. त्या संदर्भात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील कनक साहा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीतून शोधलेल्या, ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेची माहिती दिली गेली. तिच्यातून असे किरण प्रत्यक्ष बाहेर पडताना दिसले, तेही अवघ्या ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून. आयुकाचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा; त्यांनी महास्फोटाचा सिद्धांत स्वीकारला नव्हता, हेही शिक्षकांनी आदरपूर्वक सांगितले.

पन्हाळ्यावरील रात्रीच्या सत्राची मी आवर्जून शिफारस करीन. मृग नक्षत्रातील तेजोमेघ दुर्बिणीतून दाखविताना, मध्यभागी असलेले मोजके तप्त तारे भोवतालचा हायड्रोजन आजही आयनीभूत करीत आहेत, हे समजावून सांगण्यात आले. सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा हा मेघ आरंभीच्या विश्वाचा नसला, तरी भौतिकी तीच आहे, आणि वर्गात ऐकलेली गोष्ट तेथे डोळ्यांना दिसते.

उणीव २१ सेंटिमीटर रेडिओलहरींच्या सत्रात राहिली. उदासीन हायड्रोजन स्वतः उत्सर्जित करीत असलेल्या या लहरी प्रसरणामुळे ताणल्या जाऊन आज दीड-दोन मीटर लांबीच्या होऊन पोहोचतात. त्या टिपता आल्या तर बुडबुड्यांचा नकाशाच हाती येईल. आपल्या आकाशगंगेचे रेडिओप्रारण मात्र त्यांच्यापेक्षा हजारो पटींनी प्रबळ आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने या शोधात २०११ मध्येच संकेताची वरची मर्यादा (संकेत याहून प्रबळ नाही, असा आकडा) प्रसिद्ध केली होती. इतका जवळचा आणि समृद्ध भाग शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत उरकला गेला. शिवाय त्यासाठी दाखविलेल्या चित्रफितीत सारे विश्व एकाच क्षणी उजळते, जे आधीच्या सत्रांतील विवेचनाशी सरळ विसंगत होते. पुढील तुकडीसाठी आयोजकांनी ती चित्रफीत काढून टाकावी आणि या भागाला एक पूर्ण सायंकाळ द्यावी.

बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र आठवत असेल तर गणिताची अडचण येत नाही. मागच्या रांगांतून फळ्यावरील आकडे नीट दिसत नाहीत, म्हणून लवकर पोहोचून पुढे बसावे.