तोरा एका वर्षात की तीन वर्षांत?

सिम्हात तोरा हा ज्यूंचा सण तोरेच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, वार्षिक वाचनाच्या हिशेबावर उभा आहे. तोरेचे 54 भाग, दर शब्बाथला (शनिवारच्या पवित्र दिवशी) एक, कधी दोन जोडून. ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकाच्या शेवटी मोशेचा मृत्यू वाचून झाला की लगेच ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय सुरू. गुंडाळ्या कवेत घेऊन सात फेऱ्या, गाणी, नाच. ही बाबिलोनी ज्यूंची रीत. आज जगभर बहुतेक ठिकाणी, मुंबई-कोकणातल्या बेने इस्रायलांकडेही, तीच चालते.

प्राचीन पॅलेस्टाइनमधले ज्यू मात्र दीडशेच्या आसपास छोटे तुकडे पाडून तीन-साडेतीन वर्षांत तोरा संपवत. वाचन निवांत होई, पण समाप्ती दरवर्षी येईना. मग दरवर्षी आनंद कशाचा करायचा? गंमत म्हणजे 12व्या शतकात तुदेलाचा बेंजामिन या ज्यू प्रवाशाला इजिप्तमध्ये दोन्ही पंथांची वेगवेगळी सभास्थाने दिसली. वाचनाची गती वेगळी, तरी सिम्हात तोराला दोघे एकत्र प्रार्थना करत.

आज कॉन्झर्व्हेटिव्ह या मध्यममार्गी ज्यू पंथाच्या काही सभास्थानांत तिसराच तोडगा आहे: भाग त्या आठवड्याचाच, पण त्याचा एक तृतीयांश वाचायचा. सण शाबूत राहतो, वेळही वाचतो. मला तो अर्धवट वाटतो. कथेतला मधलाच तुकडा ऐकायचा आणि उरलेल्यासाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं! सलग ऐकायचं असेल तर जुनी त्रैवार्षिक पद्धत सरस. पण फेऱ्या धरून नाचायचं असेल, तर बाबिलोनी रीतच बरी.