लीचेसवर काही महिने ब्लिट्झ: चालींच्या वेळेचा आलेख हेच खरे साधन

ऐन मे महिन्यात भुसावळला आमचे ब्रॉडबँड बंद पडले आणि सेवा देणाऱ्या कंपनीने "उद्या माणूस येईल" या एकाच उत्तरावर तीन आठवडे काढले. तक्रार क्रमांक मिळत राहिले, पैसे मात्र पूर्ण महिन्याचे घेतले, याचा राग मला आजही आहे. मोबाइलच्या तुटक इंटरनेटवर ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांत संपणारे झटपट बुद्धिबळ, खेळणे व्यर्थ होते. मी ज्यावर खेळते ते लीचेस हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ संथ इंटरनेटचा उशीर काही प्रमाणात भरून देते, परंतु जोडणी पूर्ण तुटली की घड्याळ चालूच राहते आणि थोड्या वेळाने प्रतिस्पर्ध्याला विजयाचा दावा करता येतो. म्हणून मी नवे डाव थांबवून जुने उघडले, आणि पटाखाली दिसणाऱ्या, प्रत्येक चालीला लागलेला वेळ दाखवणाऱ्या आलेखाकडे तेव्हा प्रथमच नीट पाहिले.

या आलेखात पांढऱ्याचे स्तंभ वर आणि काळ्याचे खाली असतात. स्तंभ जितका उंच, तितका त्या चालीला अधिक वेळ लागलेला असतो. माझ्या तीन मिनिटांच्या डावांत सर्वांत उंच स्तंभ आठव्या ते पंधराव्या चालीच्या दरम्यान दिसले. किल्लेकोट करून राजा सुरक्षित झालेला, मोहरी बाहेर आलेली आणि हत्ती कोणत्या पट्टीवर ठेवायचा एवढाच प्रश्न उरलेला असताना वीस-वीस सेकंद गेलेले होते. आणि वजिरावर दुहेरी हल्ला आला तेव्हा हाताशी सातआठ सेकंदच होते. डाव तपासणारी स्टॉकफिश ही संगणकप्रणाली चाल चुकीची होती एवढे सांगते, पण ती घाईत का खेळावी लागली, हे आलेखाशिवाय कळत नाही. आमच्याकडे ठिबकवर केळी घेणारा शेतकरी पाण्याचा जसा हिशेब ठेवतो, तसा हिशेब ब्लिट्झमध्ये सेकंदांचा ठेवावा लागतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

तेव्हापासून मी दोन्ही रंगांसाठी एकेकच प्रारंभ पक्का केला, जेणेकरून पहिल्या दहा चाली अर्ध्या मिनिटात व्हाव्यात. साध्या स्थितीत पहिली पटणारी सुरक्षित चाल खेळायची आणि शह, मारामारी किंवा प्यादेबदल समोर असेल तिथेच थांबायचे, एवढाच नियम ठेवला. वेळ संपून हरण्याचे प्रमाण खूप कमी झाले.

लीचेसवरच्या पझल स्टॉर्म या कोड्यांच्या खेळाबद्दल माझे मत मात्र बदलले. तीन मिनिटांत शक्य तितकी कोडी सोडवायची आणि चुकीच्या चालीला दहा सेकंद दंड, हा प्रकार सुरुवातीला मला सर्वोत्तम सराव वाटला. नजर तीक्ष्ण होते हे खरेच; पण तिथे प्रत्येक स्थितीत काहीतरी दडलेले आहे हे आधीच ठाऊक असते, डावात ते कोणी सांगत नाही. आता मी तो केवळ खेळण्यापूर्वीची तयारी म्हणून वापरते.

वेळवाढीबाबतही तसेच झाले. पूर्वी तीन मिनिटे आणि प्रत्येक चालीला वाढीव दोन सेकंद मिळणारा 3+2 प्रकार मला संथ वाटे. परंतु चाळीस चालींच्या डावात त्यातून ऐंशी सेकंद मिळतात आणि हत्तीचा शेवट, म्हणजे राजा, हत्ती आणि काही प्यादीच उरलेला डावाचा अखेरचा भाग, खेळून पाहता येतो. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची जागतिक ब्लिट्झ स्पर्धाही याच वेळेवर होते. शिकायचे असेल तर वेळवाढ नसलेल्या 3+0 पेक्षा हाच प्रकार घ्यावा.

प्रीमूव्हला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चालीआधीच नोंदवून ठेवलेल्या आपल्या चालीला, लीचेसवर घड्याळातून वेळ जात नाही, तरीही तो फक्त परतीची मारामारी सक्तीची असताना वापरावा. प्रतिस्पर्ध्याने दुसरेच काही खेळले तर मोहरा फुकट जातो. आणखी एक उपयोगी गोष्ट म्हणजे, आपला वेळ संपला तरी समोर फक्त एकटा राजा असेल तर डाव बरोबरीत सुटतो. त्यामुळे शेवटच्या सेकंदांत त्याचे उरलेले एकमेव प्यादे मारणे पुष्कळदा विजयाच्या शोधापेक्षा शहाणपणाचे ठरते.

हे सर्व पूर्णपणे विनामूल्य आहे, जाहिराती नाहीत आणि कोड्यांना दैनिक मर्यादा नाही. मोबाइलच्या लहान पडद्यावर स्तंभ बारीक दिसतात, म्हणून आलेख संगणकावरच पाहावा. माझे हत्तीचे शेवट अजूनही कच्चे आहेत आणि आता आलेखातले उंच स्तंभ तिथेच दिसू लागले आहेत.